मीटरवर बारा व्होल्ट

१

वायर कापलेली होती. उंदराने कुरतडलेली नव्हती, घासून झिजलेलीही नव्हती. पकडीच्या एका दाबात कापलेली होती. दीपिका मेस्त्रीने व्हॅनच्या पुढच्या सीटखाली डोकं घालून ती पाहिली. ती वायर महिन्यापूर्वी तिनेच जोडून दिली होती.

शेड देवळाला लागून होती, पत्र्याची, दार नसलेली. बाहेर पितृपक्षातला पाऊस पडत होता, धड जोर नाही आणि धड उघडीपही नाही असा. ही मिठबावच्या ग्रामस्थांची व्हॅन. वीस वर्षांची, पेट्रोलवरची, इंजिन पुढच्या सीटखाली असलेली, मुंबईकर मंडळींनी जुनी विकत घेऊन गावाला दिलेली. म्हातारं माणूस असो की बाळंतीण, गावातून इस्पितळात जायचं ते हिच्यातूनच. गेल्या गुरुवारी सकाळी हरिश्चंद्र सारंग छातीत कळ येऊन पडला, तेव्हा त्यालाही हिच्यातच घातलं. गाडी चालवत होता लवू कुबल, हरिश्चंद्राच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. आठ किलोमीटरवरच्या चढणीला गाडी बंद पडली. तिथे फोनला रेंज नाही. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला आणि त्या पाऊण तासात हरिश्चंद्रही गेला.

"रविवारी देवेशान बघितल्यान," भाई धुरी म्हणाले. भाई गावचे पोलीस पाटील. सत्तरीला टेकलेले, छत्री मिटली तरी हातातच धरून उभे राहणारे. "बापाशीची राख सावडून परत येय होतो, तो हय शिरलो. बघता तर वायर कापलेली. तेचा म्हणणा, लवून मुद्दाम गाडी बंद पाडल्यान. आत्येच्या वाट्याच्या माडांवरसून दोघांचा बिनसलेला आसा, ह्या सगळ्या गावाक ठावक. तक्रार लिवन माझ्याकडे दिल्यान. उद्या दुपारी माका ती ठाण्यात देवची लागतली."

"मगे माका कित्याक बोलावलात, भाई? जामसंड्यासून हय येवक माका दोन एसट्ये बदलूचे लागले."

भाईंनी छत्रीचं टोक जमिनीवर टेकवलं. "गाडीक शेवटचो हात तुझो लागलेलो. आणि तक्रारीत नावां दोन आसत गो. एक लवूचा आसा, दुसरा तुझा."

२

जामसंड्याला दीपिकाचं दुकान म्हणजे तिच्या वडिलांचं दुकान. गाड्यांच्या वायरिंगचं काम. वडील गेल्यावर बाईमाणूस सीटखाली डोकं घालून काय करणार म्हणून लोक वर्षभर आलेच नाहीत. मग एकेक करून आले आणि आता देवगडपासून आचऱ्यापर्यंत तिचा शब्द चालतो. तो शब्द आता पणाला लागला होता. मनातून तिला दुसरीच भीती होती. खरंच माझ्या हातून चूक झाली असली तर? माणूस मेला आहे, आणि चुकीला तारीख मागता येत नाही.

देवेश सारंग पडवीत चटईवर बसला होता. डोकं भादरलेलं, अंगावर पंचा, डोळे लाल. बापाचं क्रियाकर्म त्याच्याकडे होतं. दीपिकाला बघून तो उठला नाही.

"माका तुझ्याशी भांडूचा नाय," तो म्हणाला. "काय जाला ता सांगतंय. चढणीक लागलो तशी गाडी धक्के देवक लागली. दोन, तीन, चार. मगे गप जाली. लवू सेल्फ मारी होतो. इंजिन फिरता, पण पकडना नाय. बापूस माझ्याकडे बघी होतो."

"मगे परत सुरू जाली?"

"वीस मिनटांनी एकदा जाली. चार हात पुढे गेली आणि परत गप. म्हणान तर माका संशय इलो. बंद पडलेली गाडी मधेच कशी काय चालता? तेच्या मनात नव्हता म्हणान चालली नाय."

दीपिकाने ते मनाशी टिपून ठेवलं. धक्के, मग बंद, मग चार हात, मग पुन्हा बंद. तिच्या कामात हे ओळखीचं दुखणं होतं.

"माडांचा काय?" तिने विचारलं.

देवेश पावसाकडे बघत म्हणाला, "बापूस सर्वपित्री जाल्यावर तलाठ्याकडे जावन आत्येच्या नावार अर्धी बाग करणार होतो. माका सांगितल्यान तेव्हा माका राग इलो, खोटा कशाक बोलू? पण लवूक ता ठावक नव्हता. ठावक असता तर तो बापाशीक खांद्यार घेवन धावत गेलो असतो."

म्हणजे बाग अडवून धरायची असली तर ती देवेशला, लवूला नाही. तोंडून निघून गेल्यावर हे देवेशच्याही ध्यानात आलं असावं. तो म्हणाला, "माझ्यार संशय घेतंस? घे. पण आधी तुझी वायर बघ."

३

मंगेशचं गॅरेज गावाच्या तिठ्यावर. त्याची स्वतःची एक व्हॅन भाड्याने फिरते आणि गावची व्हॅन भंगारात काढून ते काम आपल्याला द्यावं, असं तो दोन वर्षं ग्रामस्थांना सांगत होता. रविवारी देवेशने बोलावल्यावर मीटर लावून गाडी तपासली ती त्यानेच.

"चारी प्लगांर मीटर लावलंय," मंगेश टायर पालथा करत म्हणाला. "चारी ठिकाणी बारा व्होल्ट. करंट पुरो आसा. मगे बाकी काय रवला? ती तीन नंबरची कापलेली वायर. तुझ्या हातची."

"कापल्यान कोणी?"

"माका काय विचारतंस? मी रविवारच्या आधी हात लावूक नाय. ती सीट तरी माका खंय उघडता? तिची कडी मोडलेली आसा, गुडघो लावन कशी तरी ओढूची लागता. ता लवूकच जमता. मी गेलंय तेव्हा सीट आधीच वर होती."

मंगेश लबाड होता, पण कडीचं खरं सांगत होता. महिन्यापूर्वी दीपिकानेही त्या कडीशी दहा मिनिटं झटापट केली होती. शेवटी लवूनेच सीटला गुडघा टेकवून ती उघडून दाखवली होती.

ती तिठ्यावरच्या एसटीच्या शेडमध्ये जाऊन बसली. वडील तिला शिकवताना एकच गोष्ट पुन्हापुन्हा घोकून घेत. इंजिनात चार सिलिंडर, चौघांना पेट्रोलचा फवारा मारणारे चार इंजेक्टर. प्रत्येक इंजेक्टरला दोन वायरी, त्याच्या डोक्यावरच्या प्लगात बसवलेल्या. एकीतून करंट येतो. ती चौघांची सामाईक असते. दुसरी ज्याची त्याची. तिच्यावरून गाडीचा कंप्युटर फवारा कधी मारायचा ते ठरवतो. कापली होती ती तीन नंबरची दुसरी वायर. ती कापली तर तीन नंबर मरतो. बाकीचे तीन जिवंत राहतात. गाडी खोकत, थरथरत, रडतरखडत का होईना, पण चालत राहते. चढणीवर ती मुकाट बंद पडत नाही.

आणि दुसरं. कापलेल्या जागी आतलं तांबं नव्या भांड्यासारखं लखलखीत होतं. मिठबावच्या हवेत उघडं तांबं एक दिवस लाल राहतं, तिसऱ्या दिवशी काळवंडतं, आठवड्यात हिरवं पडतं. आज सोमवार. ही वायर गुरुवारी कापलेलीच नव्हती. फार तर शनिवारी संध्याकाळी.

हरिश्चंद्र मेल्यावर दोन दिवसांनी, आधीच बंद पडलेल्या, ओढून शेडमध्ये आणून लावलेल्या गाडीची वायर कोणीतरी कापली होती. मेलेल्या गाडीला पुन्हा मारून कोणाला काय मिळणार होतं, हे काही केल्या तिला कळेना.

४

दुपारी तिने भाईंना शेडमध्ये बोलावून घेतलं आणि ड्रायव्हरच्या बाजूला उभं केलं. सीट गुडघा लावूनच उघडली. कापलेली वायर तिने तात्पुरती पिळून जोडली.

"आता चावी फिरवा, भाई. सेल्फ नको, नुसती चावी."

सामाईक वायरीवर तिने मीटर धरला. बारा व्होल्ट, अगदी मंगेश म्हणाला तसे. मग तिने पिशवीतून इंडिकेटरचा एक जुना बल्ब काढला. त्याला वडिलांनी दोन वायरी लावून ठेवल्या होत्या. दुकानातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुनं हत्यार. तो तिने त्याच वायरीवर लावला. बल्ब पेटायला हवा होता. त्याची आतली तार विझत्या निखाऱ्याएवढी लाल झाली आणि तेवढ्यावरच राहिली.

"ह्या काय?" भाईंनी विचारलं.

"मीटर नुसतो विचारता, करंट आसा काय? एक बारीक तार जरी शाबूत आसली तरी तो हो म्हणता. बल्ब विचारता, काम करशीत काय? थंय खोटा चलना नाय. करंट वाटेत खंयतरी अडकलो आसा. चारी इंजेक्टरांचो. आधी धक्के, मगे गप, मधेच चार हात. ह्या तेचाच दुखणा."

तिने वायरींची जुडी बोटांनी चाचपत खाली नेली. इंजिनाच्या अगदी बुडाशी, जिथे ओघळलेलं पाणी साठून राहील अशा जागी, करंट आणणाऱ्या चारही वायरींचा एकत्र सांधा कापडी पट्टीत गुंडाळलेला होता. पट्टी भिजून फुगलेली. ती सोडवताना हिरवी पूड तिच्या हातावर पडली. आत तांबं उरलंच नव्हतं. केसाएवढी एक तार तेवढी कशीबशी टिकून होती. भोवती पांढरे खडे.

दीपिकाने एक खडा जिभेवर ठेवला. मीठ होतं. हवेतून बसतं तसं नुसतं पुसट नव्हे, मिठागरात वाळतं तसं जाड. आणि त्या मिठात चिकटलेले दोन तांदळाचे दाणे, कुंकवाने लाल झालेले.

मग तिने एक, दोन आणि चार नंबरचे प्लग काढून पाहिले. हे खरं तर पहिल्यांदाच करायला हवं होतं. ते आतून चकचकीत होते आणि त्यांना घासलेटाचा वास येत होता. कोणीतरी ते कापडाने नीट पुसले होते. ज्याला नुसती वायर कापायची असते, तो बाकीचे प्लग पुसत बसत नाही. पुसणाऱ्याला मीठ लपवायचं होतं. वायर कापली ती सगळ्यांचे डोळे तिच्यावर खिळून राहावेत, पुढे कोणी पट्टी सोडवू नये म्हणून.

महिन्यापूर्वी तीन नंबरच्या प्लगातही अशीच पांढरी पूड होती. तिने ती बाहीने पुसली होती, खारी हवा म्हणून मान हलवली होती आणि नवा प्लग लावून दिला होता. समुद्राजवळ राहणाऱ्या माणसाला मिठाचं नवल वाटत नाही. दीपिकाला त्याच क्षणी रडू कोसळलं, भाई समोर उभे असतानाही.

"काय गावला?" भाईंनी विचारलं.

"अर्धा गावला," ती म्हणाली. "अक्षता देव्हाऱ्यात असतत आणि ती सीट लवूक उघडता. तेच्या आवशीचा, सत्यवती काकींचा घर खंय?"

५

सत्यवती कुबल म्हणजे लवूची आई, मेलेल्या हरिश्चंद्राची थोरली बहीण. घर किनाऱ्याला लागूनच, मागच्या बाजूला नवऱ्याची जुनी होडी माडाच्या झावळांखाली झाकून ठेवलेली. म्हातारी चुलीपुढे बसली होती, पण चूल पेटलेली नव्हती.

"चाय करूक सांगा नको," ती म्हणाली. "कालपासून मी ह्या घरातला काय खावक नाय. शेजारची तेजस्वी पेज आणून देता, ती जेवतंय. लवूच्या हातचा पाणी माझ्या घशाखाली उतरना नाय."

"काकी, लवून केल्यान असा तुमका वाटता?"

"माका काय वाटता ता विचारा नको. देवेश बोललो, लवू गप रवलो. ज्येणा केला नाय तो गप कित्याक रवात? मी तेका देवाम्होरे उभो करून विचारलंय, तू केलंस? खाली मान घालून बसलो." तिने पदराने नाक पुसलं. "ज्येणा ती वायर कापल्यान तेचा तोंड माका दाखव, बाय. माझो झील असलो तरी दाखव. हरी माझ्यापेक्षा बारा वर्सांनी ल्हान. आवस गेल्यार माझ्या कडेर वाढलो तो."

दीपिकाची नजर देव्हाऱ्याकडे गेली. तिथे एक तांब्याचा तांब्या होता, घासूनपुसून लख्ख, पण गळ्याच्या आतल्या कडेला पांढरट हिरवी रेघ. शेजारी वाटीत कुंकू लावलेल्या अक्षता.

"ह्यो तांब्यो कसलो, काकी?"

म्हातारीचा चेहरा त्या चार दिवसांत पहिल्यांदाच थोडा उजळला असावा. "तो व्हय? तो समुद्राच्या पाण्याचो. माझो घोव दर पुनवेक होडयेच्या इंजिनार समुद्राचा पाणी घाली आणि अक्षता टाकी. म्हणा, ज्येच्या जिवार जगतो तेका आधी पाजूक व्हया. चाळीस वर्सां ता इंजिन कधी अडला नाय. मगे लवून होडी सोडल्यान आणि गावची गाडी घेतल्यान. म्हटला, आता तीच आमची होडी."

"आणि तुमी गाडयेक..."

"दर पुनवेक. दोन वर्सां जाली. लवू जेवक बसलो की मी जातंय. ती कडी माका उघडता, गुडघो लावलो की. भर तांब्यो घालतंय, एक थेंब उरवणंय नाय. लोकांचे जीव त्या गाडयेत आसत, बाय. तेंका काय होवक नको."

बाहेर पाऊस थांबला होता. होडीचं इंजिन डिझेलचं, त्याच्या फवाऱ्याला वायर नावाची वस्तूच नसते. वर समुद्र ओतला तरी त्याला फरक पडत नाही. हे म्हातारीला कोण सांगणार होतं, आणि आता सांगून कोणाचं काय भलं होणार होतं?

"बरा करतास, काकी," दीपिका म्हणाली. यापेक्षा वाईट वाक्य आपण आयुष्यात बोललो नाही, असं तिला वाटलं.

६

लवू किनाऱ्यावर सापडला. चाळिशीचा, आडव्या बांध्याचा माणूस, ओल्या वाळूत उकिडवा बसून समुद्राकडे बघणारा. दीपिकाने त्याच्यापुढे ते दोन लाल दाणे धरले.

"घासलेटान प्लग पुसलंस," ती म्हणाली. "सांधो रवलो."

त्याने दाणे ओळखले. "सांध्याचा माझ्या ध्यानातच नाय इला. शनिवारी सांजच्या वक्ताक गेलंय. म्हटला, बघूया कित्याक बंद पडली. प्लग काढलंय तर आत मीठ आणि अक्षता. माका कळला. आये पुनवेक गाडयेक कुंकू लावता इतक्याच माका ठावक होता. पाणी घालता ह्या ठावक नव्हता." त्याने ओल्या वाळूत मूठ रुतवली. "मामा माझ्या मांडयेर गेलो, दीपिका. आणि आयेचो तो जीव की प्राण. तिका कळला तर ती एक दिवस रवाची नाय."

"म्हणान वायर कापलंस."

"म्हटला, वायर कापलेली दिसली तर पुढे कोणी बघूचो नाय. कोणीतरी कापल्यान म्हणतले, विसारतले. माझ्यार येयत असा वाटूक नाय. मगे माझ्यार इला. तर म्हटला, येवदे. तुझा नाव येतला ह्या मात्र खरोखर डोक्यात इला नाय. तेची माफी मागतंय."

"तुका तुरुंगात घालतले, लवू."

"घालूदे."

"आणि तुझी आवस? तिच्या लेखी तू तिच्या भावाक मारलंस. तुझ्या हातचा पाणी ती पियना नाय."

एवढा मोठा माणूस गुडघ्यांत तोंड घालून हमसून हमसून रडला. दीपिका उभी राहिली. खरं सांगितलं तर म्हातारी मरते, नाही सांगितलं तर मुलगा खुनी ठरतो. उद्या दुपारपर्यंत तिला तिसरं काहीतरी शोधायचं होतं, आणि तेही खोटं असून चालणार नव्हतं, कारण मंगेश काही मूर्ख नव्हता.

७

मंगळवारी सकाळी देवेशच्या घरापुढच्या खळ्यात सगळे जमले. भाई खुर्चीवर, घडी घातलेली तक्रार खिशात. मंगेश खांबाला टेकून. लवू एका कडेला. सत्यवती उंबऱ्यापाशी बसली, मुलाकडे पाठ करून.

दीपिकाने आधी वायर दाखवली. लखलखीत तांबं का लखलखीत, ते सांगितलं. एक इंजेक्टर मेला तरी गाडी तिघांवर चालते, हे मंगेशकडूनच वदवून घेतलं. मग मीटर दाखवला, बल्ब दाखवला आणि शेवटी कापून आणलेला सांधा देवेशच्या हातात दिला.

"गाडी ह्येणा बंद पाडल्यान. वायर मागाहून कापलेली. ती लवून कापल्यान."

देवेशची मान लवूकडे वळली.

"भियान कापल्यान," ती पुढे म्हणाली. "गाडी तेच्या ताब्यातली. देखभाल केली नाय म्हणान आपल्यार येतला असा तेका वाटला, म्हणान कोणीतरी कापल्यान असा दाखवूक गेलो. मूर्खपणा केल्यान. पण मामाक तेणा मारूक नाय. आणि देखभालीचा म्हणशात तर चूक माझी आसा. महिन्यापूर्वी तीन नंबरच्या प्लगात माका ह्याच मीठ गावलेला. थंय थांबान सांधो उघडून बघूक व्हयो होतो. मी नुसतो प्लग बदललंय. सांधो तेव्हाच उघडलो असतो तर हरीकाका कदाचित इस्पितळात पोचले असते."

लवूच्या भीतीचं कारण सोडलं तर यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"इतक्या मीठ इला खयसून?" सत्यवतीने विचारलं. चार दिवसांत ती लोकांत पहिल्यांदाच बोलली.

लवूने मान वर केली. दीपिकाने त्याच्याकडे बघितलं नाही.

"समुद्राचा, काकी," ती म्हणाली. "आपण समुद्राकडे रवतो."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली, मग खाली जमिनीकडे.

देवेशने सांधा कितीतरी वेळ हातात फिरवला. मग भाईंकडे हात पुढे केला. भाईंनी तक्रारीचा कागद त्याला दिला, त्याने तो चार तुकडे करून चुलीत टाकायला आत पाठवला. लवूपाशी जाऊन तो नुसता उभा राहिला. दीपिका निघताना देवेश तिला म्हणाला, "तू खरा बोललंस. पण ह्या गावची गाडी परत तुझ्या दुकानात येवची नाय. माझ्यान ता सोसवाचा नाय."

"माका ठावक आसा," दीपिका म्हणाली.

एसटीची वाट बघताना तिला दुरून कुबलांच्या घराची पडवी दिसत होती. लवूने आतून पाण्याचा पेला आणला. म्हातारीने तो घेतला, थोडा वेळ हातात धरला आणि प्यायली.

८

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. दीपिकाच्या हातून माणूस गेला, एवढीच पसरली. आचऱ्याच्या दोन जीपा यायच्या बंद झाल्या, मग मिठबावच्या रिक्षा, मग जामसंड्यातल्या ओळखीच्या गाड्याही मान वळवून दुकानावरून जाऊ लागल्या. कोजागिरीच्या दिवशी दुपारी ती एकटीच दुकानात बसून जुने प्लग निवडत होती, तेव्हा दारात सत्यवती उभी राहिली. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"एसटीन इलंय," ती म्हणाली. "लवूक सांगितला डॉक्टराकडे जातंय."

दीपिकाने स्टूल पुसून दिलं. म्हातारी बसली. फडकं सोडून तिने तांब्या काढला आणि टेबलावर ठेवला, मीटर आणि बल्बाच्या मधोमध. तो रिकामा होता.

"आज पुनव," ती म्हणाली.

दीपिकाने हातातला प्लग खाली ठेवला.

"खारी हवा मंगेशाच्या गाडयेक पण लागता गो. सगळ्या गावाच्या गाडयांक लागता. बंद पडली ती माझीच." ती हे अगदी शांतपणे बोलली, पुष्कळ दिवस मनात घोळवून आता पाठ झाल्यासारखं. "तू समुद्राचा म्हटलंस तेव्हाच माका कळला. तू माझ्या देवाम्होरे तो तांब्यो बघितलेलंस. दुकान रिकामा आसा तुझा. मी उद्या देवेशाकडे जावन सगळा सांगतंय. तुझ्यार कित्याक?"

दीपिकाला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. दुकान तिचं होतं, वडिलांचं होतं.

"मगे लवूक काय सांगशात, काकी?" तिने विचारलं. "तेणा तुमका कळू नये म्हणान वायर कापल्यान. तुरुंगात जावक निघालेलो."

म्हातारीने डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळलं, ते तिने पुसलं नाही. "माका ता पण कळला," ती म्हणाली. "रोज सांजेक माका पाणी देता आणि माझ्याकडे बघता, कळला तर नाय ना म्हणान. मी पण तेच्याकडे बघतंय आणि पितंय."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. दुकानापाशी थांबला नाही.

"तेका सांगा नको, माका कळला म्हणान," सत्यवती उठत म्हणाली. "आणि ह्यो तुझ्याकडे ठेव. घरात असलो की पुनवेक हात आपोआप जाता तेच्याकडे."

दीपिका तिला एसटीपर्यंत सोडून आली. परत येऊन तिने तांब्या चिंचेने आणि राखेने घासला. बाकी सगळा लख्ख झाला, आतल्या कडेची रेघ मात्र गेली नाही. तिने तो फळीवर वडिलांच्या बल्बाशेजारी ठेवला आणि पुन्हा प्लग निवडायला बसली.